नऊ महिन्यांचे बारा महिने करू नका

मूळच्या सांगलीच्या आणि सध्या कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून पत्राचा सारांश तेवढा देतो. वय ३१, अविवाहित, वाणिज्य शाखेची पदवी, सांगलीत एका करसल्लागाराच्या कार्यालयात तीन वर्षे दोन महिने नोकरी. नंतर ओंटारिओतील एका महाविद्यालयात दोन वर्षांची पदविका आणि तीन वर्षांचे पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट (शिक्षणानंतर काम करण्याचा परवाना), ज्याचे आता चौदा महिने उरले आहेत. पहिले आठ महिने त्यांनी किराणा दुकानात कॅशियरचे काम केले. गेले चौदा महिने त्या एका छोट्या अकाउंटिंग फर्ममध्ये आठवड्याला साडेसदतीस तास काम करत आहेत. त्यांतले पहिले पाच महिने बिले संगणकात भरणे आणि फोन घेणे यांत गेले, आणि गेले नऊ महिने सहा ग्राहकांची संपूर्ण हिशेबवही त्यांच्याकडे आहे. मध्यंतरी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्या पाच आठवडे सांगलीला गेल्या होत्या, त्यांतले तीन आठवडे बिनपगारी होते. आयईएलटीएसमध्ये ऐकण्याला ८, वाचन व बोलण्याला ७ आणि लेखनाला ६.५ असे गुण आहेत. एका ओळखीच्या एजंटाने त्यांना सांगितले आहे की, चौदाही महिने 'बुककीपर' (हिशेबनीस) म्हणून दाखवून कायम निवासासाठी आजच प्रोफाइल टाका. आणि ते नको असेल तर पंचवीस हजार डॉलरमध्ये एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार नेमण्यासाठी मालकाला लागणारा सरकारी कागद, मिळवून देतो. घरी लग्नाची बोलणीही सुरू आहेत. "माझी दोन वर्षे वाया गेली का?" असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही तारखा, तास आणि कामे इतक्या नीटपणे लिहिली आहेत की, या प्रक्रियेत जे कसब सर्वांत जास्त लागते ते तुमच्याकडे आहे हे पत्रातूनच दिसते. वर्षे वाया गेलेली नाहीत. मात्र त्यांतली किती मोजली जाणार, हे आधी स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचे सारे निर्णय त्यावर उभे आहेत.

कायम निवासासाठी तुमचा मार्ग 'कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास' हा आहे. तो २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे गुणांवर उमेदवार निवडण्याच्या, व्यवस्थेतून चालतो. त्याची मूळ अट साधी आहे: अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत कॅनडामध्ये, कायदेशीर परवान्यावर, कुशल कामाचा किमान एक वर्षाचा पगारी अनुभव, म्हणजे १,५६० तास. आठवड्याला तीस तासांच्या वर केलेले काम यात धरले जात नाही, त्यामुळे साडेसदतीस तास काम केल्याने तुमचे वर्ष लवकर पूर्ण होणार नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेली नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय म्हणून केलेले काम, दोन्ही बाहेर राहतात. क्वेबेक प्रांतात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा मार्ग नाही, पण तो तुमचा प्रश्न नाही.

कुशल काम कोणते, हे एनओसी नावाच्या राष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणावरून ठरते. (आपल्याकडे एनओसी म्हटले की ना हरकत प्रमाणपत्र आठवते, इथे त्याचा संबंध नाही.) नोव्हेंबर २०२२ पासून या वर्गीकरणात टीअर ० ते ५ अशा पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या ० ते ३ या पायऱ्यांवरचेच काम या मार्गासाठी चालते. कॅशियरचे काम टीअर ५ मध्ये येते, म्हणून ते आठ महिने या हिशेबात नाहीत. तुम्ही ते काम प्रामाणिकपणे केले, त्यावर घरभाडे भरले, त्याची खंत बाळगू नका.

खरा नाजूक भाग अकाउंटिंग फर्मच्या चौदा महिन्यांचा आहे. बुककीपर हा व्यवसाय १२२०० या क्रमांकाखाली टीअर २ मध्ये आहे, तर अकाउंटिंग क्लार्क १४२०० या क्रमांकाखाली टीअर ४ मध्ये आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कामे सारखीच वाटतात, दोन्हीकडे तोच संगणक आणि तीच बिले असतात. पण बुककीपर खातेवही सांभाळतो, जर्नल नोंदी करतो, बँकेचा मेळ घालतो, तेरीज काढतो, पगाराचा आणि कराचा भरणा तयार करतो. क्लार्क मुख्यतः बिले तयार करतो, नोंदी भरतो आणि पडताळतो. अर्ज तपासणारा अधिकारी तुमच्या पदाचे नाव पाहत बसत नाही. वर्गीकरणातील त्या व्यवसायाचे प्रास्ताविक वर्णन आणि त्याखाली दिलेल्या मुख्य कामांचा मोठा भाग तुम्ही प्रत्यक्ष करत होता का, हे तो पाहतो. तुम्हीच लिहिलेल्या वर्णनावरून पहिले पाच महिने क्लार्कचे आहेत आणि नंतरचे नऊ महिने निःसंशय बुककीपरचे आहेत.

म्हणजे आज तुमच्या खात्यावर नऊ महिने आहेत. पगारी रजा वाजवी प्रमाणात असेल तर ती अनुभवात धरली जाते, बिनपगारी रजा धरली जात नाही. म्हणून त्या तीन आठवड्यांची भर घालून, एक वर्ष पूर्ण व्हायला तुम्हाला अजून जवळजवळ चार महिने लागतील. तुमचा परवाना चौदा महिने आहे. वेळ आहे.

आता एजंटाच्या पहिल्या सूचनेबद्दल. ती ऐकू नका, हे मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगतो. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे चुकीची माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती दडवणे यासाठी पाच वर्षे देशात प्रवेशाला अपात्र ठरवले जाते, आणि त्या पाच वर्षांत कायम निवासासाठी अर्जही करता येत नाही. अधिकारी तुमच्या मालकांना फोन करून "या बाई पहिल्या दिवसापासून हिशेबवही सांभाळत होत्या का?" एवढा एकच प्रश्न विचारू शकतो. ज्या मालकांनी तुम्हाला पाच महिन्यांत विश्वासाचे काम दिले, त्यांना तुम्ही खोटे बोलायला लावणार आणि तेही अवघ्या चार महिन्यांच्या घाईसाठी! शिवाय अर्जावर सही तुमची असते, एजंटाची नसते. पकडले गेल्यावर "त्यांनी सांगितले म्हणून लिहिले" हे उत्तर बहुतेक वेळा चालत नाही.

दुसरी सूचना तर उघड बेकायदेशीर आहे. एलएमआयएसाठी अर्ज मालक करतो, त्याचे १,००० डॉलरचे शुल्क मालकानेच भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करता येत नाही. पूर्वी नोकरीच्या प्रस्तावाला एक्स्प्रेस एंट्रीत ५० किंवा २०० गुण मिळत, म्हणून या कागदाचा बाजार मांडला गेला होता. २५ मार्च २०२५ पासून ते गुण रद्द झाले आहेत. म्हणजे पंचवीस हजार डॉलर देऊन तुमच्या गुणांत एकाचीही भर पडणार नाही. ज्याला ही गोष्ट माहीत नाही तो सल्लागार नव्हे, आणि ज्याला माहीत असूनही तो पैसे मागतो त्याच्याविषयी वेगळे काय लिहावे? सशुल्क सल्ला घ्यायचाच असेल तर 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' या संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत त्या व्यक्तीचे नाव आहे का, किंवा ती प्रांतिक विधी संस्थेची सदस्य असलेली वकील आहे का, हे आधी पाहा.

पात्र होणे आणि कायम निवासाच्या अर्जासाठी निमंत्रण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक मुले इथेच फसतात. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना मिळणाऱ्या 'सीआरएस' गुणांनुसार पात्र उमेदवारांची क्रमवारी लागते आणि वेळोवेळी होणाऱ्या फेऱ्यांत वरच्यांना बोलावले जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये, करोनामुळे सीमा बंद असताना, एका फेरीत २७,३३२ जणांना निमंत्रणे गेली आणि शेवटचा गुणांक फक्त ७५ होता. त्या वेळी पक्के झालेले लोक आजही "काही नाही ग, होऊन जाते" असे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तो काळ गेला. २०२५ मध्ये या वर्गाच्या फेऱ्यांतील शेवटचे गुण साधारण ५१५ ते ५५० या पट्ट्यात राहिले. सरकारने कायम निवासींची एकूण संख्याही कमी केली आहे: २०२५ साठी ३,९५,००० आणि २०२६ साठी ३,८०,००० असे लक्ष्य जाहीर झाले.

तुमचे गुण मी मांडून पाहिले. एक वर्षाचा अनुभव पूर्ण झाल्यावर, वय ३१ असेपर्यंत, वयाचे ९९. भारतातील पदवी मूल्यांकन अहवालात तीन वर्षांची म्हणून मान्य झाली तर तिचे आणि इथल्या पदविकेचे मिळून १२८. इंग्रजीचे ११६, कॅनडातील अनुभवाचे ४०, शिक्षण आणि परदेशातील (म्हणजे सांगलीतील) अनुभव यांची भाषा व कॅनडातील अनुभव यांच्याशी जी सांगड पडते तिचे १००, आणि इथे शिकल्याचे १५. एकूण ४९८.

हा आकडा पाहून तुम्ही तिसऱ्यांदा आयईएलटीएस द्यायला धावाल, कारण लेखनातील अर्ध्या गुणाची सल तुमच्या पत्रात तीन वेळा आली आहे. थोडे थांबा. लेखनात ७ मिळाले तर तुमचे गुण ८ने वाढतील, म्हणजे ५०६ होतील. ज्यांच्याकडे कॅनडातला अनुभव नसतो त्यांना हा अर्धा गुण फार महागात पडतो, कारण सांगडीचे गुण तेव्हा भाषेवरच अवलंबून असतात. तुमच्या बाबतीत इथल्या एक वर्षाच्या अनुभवाने ते १०० गुण आधीच पुरे भरतात. परीक्षा जरूर द्या, निकाल दोनच वर्षे चालतो हेही ध्यानात ठेवा. पण जीव तिथे टाकू नका.

जीव टाकायचा तो सांगलीच्या पत्रावर. त्या १०० गुणांतले पूर्ण ५० हे तुमच्या सांगलीच्या तीन वर्षांमुळे आहेत, आणि तुम्ही त्याविषयी एकच वाक्य लिहिले आहे: "त्या सरांनी लेटरहेडवर दोन ओळी दिल्या होत्या." दोन ओळींचे पत्र पुरणार नाही. पुरेसा पुरावा नसल्याने तीनऐवजी दोनच वर्षे मानली गेली तर २४ गुण जातील, आणि मुळीच मानली गेली नाहीत तर ५० जातील. पत्रात तुमचे पद, नेमक्या तारखा, आठवड्याचे तास, पगार, आणि तुम्ही काय काय करत होता याचे तपशीलवार वर्णन हवे. खाली सही, सही करणाऱ्याचे नाव, पद, फोन आणि पत्ता हवा. आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत असे पत्र देण्याची पद्धत नाही, त्यामुळे "एवढे कशाला?" असे सर म्हणतील. तुम्ही त्या काळात केलेल्या कामांची यादी स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून त्यांना पाठवा, त्यांना आठवू द्या, खरे तेवढे ठेवू द्या, आणि मग त्यांनी ते इंग्रजीत उतरवून द्यावे. जोडीला फॉर्म १६, पगार जमा झाल्याच्या बँक पासबुकातील नोंदी, नेमणुकीचा कागद, जे असेल ते गोळा करा. पगार रोखीने मिळत असेल तर त्या वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे शोधा. वडील आता बरे असतील तर ते स्वतः त्या कार्यालयात जाऊन हे काम करू शकतील, आणि मुलीसाठी काही करता आल्याचा आनंद त्यांनाही होईल.

इथल्या फर्मकडूनही असेच पत्र लागेल. त्यात पहिले पाच महिने आणि नंतरचे नऊ महिने स्पष्टपणे वेगळे लिहून घ्या. वर्गीकरणातील वाक्ये जशीच्या तशी उतरवलेली पत्रे अधिकाऱ्यांच्या रोज नजरेखालून जातात आणि ती संशयच वाढवतात. त्याऐवजी "सहा ग्राहकांचा बँक-मेळ दरमहा, एचएसटीचा (विक्रीकराचा) भरणा दर तिमाहीस" असे प्रत्यक्ष काम दिसू द्या. पगाराच्या पावत्या, टी-४ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) आणि महसूल खात्याचा दरवर्षीचा नोटीस ऑफ असेसमेंट एका जागी ठेवा. मालकांशी आजच बोला. निमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवसच मिळतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये अकाउंटिंग फर्मच्या मालकाकडे पत्र लिहायला वेळ नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यानंतरही तुम्ही ५०० च्या आसपासच असाल. म्हणून तुमच्या पत्राच्या तळटीपेत आलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: अकरावी-बारावीला गुण जास्त मिळतात म्हणून तुम्ही फ्रेंच घेतले होते. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेत चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली तर तुम्हाला दुसऱ्या भाषेचे किमान १२ आणि अधिकचे ५०, असे ६२ गुण मिळतील. ४९८ चे ५६० होतील. त्याशिवाय फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र फेऱ्या होतात, आणि २०२५ मध्ये त्यांतील शेवटचे गुण ३७९ ते ४८१ यांच्या दरम्यान होते. बारावीचे फ्रेंच आणि ही पातळी यांत मोठे अंतर आहे, ते मी लपवत नाही. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तरी दहा-अकरा महिने पुरतीलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बोलणे आणि ऐकणे विशेष जड जाते. तरीही तुमच्या हातात असलेल्या उपायांपैकी यात कष्टाचे मोल सर्वाधिक आहे. या आठवड्यात वर्गात नाव घाला.

दुसरी वाट प्रांताच्या नामांकनाची आहे, ज्याचे ६०० गुण मिळतात. ओंटारिओच्या योजना वारंवार बदलतात, म्हणून त्यांचे नियम थेट प्रांताच्या संकेतस्थळावरच वाचा. ब्रॅम्प्टन सोडायची तयारी असेल तर अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी वेगळा इमिग्रेशन कार्यक्रम आहे, आणि सडबरी, थंडर बे, टिमिन्स अशा लहान शहरांसाठी २०२५ पासून ग्रामीण समुदायांची प्रायोगिक योजना आहे. दोन्हींत तिथल्या मालकाचा खरा नोकरीचा प्रस्ताव लागतो. हिशेबनीस सर्वत्र लागतात. पण सध्याची नोकरी बारा महिने पूर्ण होण्याआधी सोडू नका.

परवान्याची मुदत कशी जुळते तेही पाहा. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळते. चार महिन्यांनी तुम्ही प्रोफाइल टाकाल तेव्हा दहा महिने उरलेले असतील. त्या काळात निमंत्रण आले, तुम्ही पूर्ण अर्ज केला आणि तो प्राथमिक तपासणीत स्वीकारला गेला, तर परवाना संपण्याआधी ब्रिजिंग ओपन वर्क परमिटसाठी (निकाल येईपर्यंतच्या कामाच्या परवान्यासाठी) अर्ज करून काम चालू ठेवता येते. आठ महिन्यांनी तुम्हाला ३२ वर्षे पूर्ण होतील आणि वयाचे ५ गुण कमी होतील. दुसऱ्या वर्षाच्या अनुभवाचे १३ गुण वाढू शकले असते, पण परवाना संपतो तेव्हा तुमचे ते वर्ष पूर्ण व्हायला साधारण दोन महिने कमी पडतात. त्यावर विसंबू नका. पोलिसांचा दाखला भारतासाठी लागेलच, आणि ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाबरोबरच जोडावी लागते. निमंत्रण येताच दोन्हींना हात घाला.

राहिला लग्नाचा प्रश्न. पुण्याचे स्थळ तुम्हाला आवडले आहे, घरच्यांना घाई आहे, आणि "आधी पीआर (कायम निवास), मग लग्न" असे मैत्रिणी सांगतात. लग्न केव्हा करावे हे मी सांगणार नाही, ते गुणांच्या तक्त्यावर ठरवण्याची गोष्ट नाही. नियम मात्र सांगतो. सोबत येणारा जोडीदार असेल तर तुमचे स्वतःचे सुमारे ३० गुण कमी होतात, पण जोडीदाराचे शिक्षण आणि इंग्रजी यांचे मिळून ३० पर्यंत गुण परत मिळू शकतात. ते अभियंता आहेत, त्यांनी आयईएलटीएस चांगले दिले तर फार नुकसान नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. कायम निवास मिळेपर्यंत कोणत्याही दिवशी, मग ती कार्यालयातली नोंदणी का असेना, लग्न झाले आणि ते तुम्ही कळवले नाही, तर पुढे पतीला कुटुंब म्हणून बोलावण्याची वाट जवळजवळ बंद होते. "सध्या फक्त रजिस्टर करू, समारंभ नंतर" असा बेत घरी चालला असेल तर तो तुमच्यासाठी पूर्ण लग्नच आहे, हे दोन्ही घरांना समजावून सांगा. अर्ज गेल्यानंतर लग्न झाले तरी ते लगेच कळवा. त्याने प्रक्रिया लांबेल, पण तुम्ही सुरक्षित राहाल.

आईला फोनवर "कधी पक्के होणार?" याचे उत्तर देता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तारीख सांगू नका. चार महिन्यांनी वर्ष पूर्ण होईल, त्याआधी सांगलीचे पत्र हातात यायला हवे, असे सांगा, आणि ते पत्र आणण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा.